रविवारच्या फोनबद्दल

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

"आई, बारा लाखांपर्यंत टॅक्स माफ आहे, तुमच्या पंचायत समितीतले नियम कधीच गेले," असं म्हणून तू फोन ठेवलास. राग आला. त्याच रागात रात्री तुझा हिशेब कागदावर मांडला. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहूनच पाठवते.

माफ वगैरे काही नाही रे. ४ लाखांच्या वर कर लागतोच. तुझा पगार ११ लाख, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरले १०,२५,०००. नव्या पद्धतीने त्यावर ४२,५०० रुपये कर बसतो. मग कलम ८७अ मदतीला येतं. भारतात रहिवासी असलेल्या व्यक्तीचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर ६० हजारांपर्यंत सूट. त्यातून तुझे ४२,५०० मिटले. पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही असं सगळे म्हणतात, ते ही वजावट धरून. वंदूच्या नवऱ्याला मस्कतमध्ये बसून ही सूट मिळत नाही, कारण तो अनिवासी. आप्पांच्या एकत्र कुटुंबाच्या फायलीलाही नाही.

आता खरी गोष्ट. शेअरच्या नफ्याचे ऐंशी हजार. घेतलेस आणि वर्षाच्या आत विकलेस, म्हणजे तो अल्पकालीन नफा. त्यावर २० टक्के वेगळा कर, आणि त्या कराला ही सूट लागत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते स्पष्टच केलंय. १६,००० कर, वर ४ टक्के उपकर ६४०. एकूण १६,६४०. ऑफिसने एक पैसा कापलेला नाही, कारण ऑफिसला तुझ्या शेअरचं माहीतच नाही. पण कर १० हजारांवर गेला की अग्रिम कर भरावा लागतो, १५ मार्चच्या आत. नाहीतर व्याज. आणि जुलैत ते 'सहज' नावाचं रिटर्न भरून मोकळा होऊ नकोस, तुला आयटीआर-२ लागेल. आजीने तुझ्या नावे ठेवलेल्या एफडीचं व्याजही दाखव, मी वर धरलेलं नाही.

करापुरतंच लिहायचं ठरवलं होतं. पण हे ऐंशी हजार आले कुठून, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. तू म्हणालास, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघतो. नुसतं जेवणाच्या सुट्टीत? वैजू म्हणते, दिवाळीत पंगतीतसुद्धा तुझी नजर फोनवर होती. १९९२ साली विलासमामासुद्धा आधी असेच आकडे सांगायचा. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. मिरजेचा प्लॉट कसा गेला ते तुला कुणी सांगितलं नाही, कारण माईंच्या देखत तो विषय निघत नाही.

हे भाषण झालं. माफ कर. तू विलासमामा नाहीस, मला ठाऊक आहे. आठवीत असताना माझ्या ऑफिसच्या कॅशबुकातली बेरजेची चूक तू नुसती बघून धरली होतीस. साहेबांनी तुला खुर्चीत बसवून चहा पाजला आणि तू बशीतून प्यायलास. ते मी अजून सगळ्यांना सांगते. आमच्या घरात पगारावर ४२,५०० कर बसण्याइतका पगार कुणाला मिळालाच नव्हता. कागदावर तो आकडा लिहिताना, खरं सांगते, जरा बरं वाटलं.

पुढच्या वर्षी बढती मिळून वजावटीनंतरचं उत्पन्न १२ लाख १० हजार झालं, तर घाबरून पगार नको म्हणू नकोस. तेव्हा पुरते ६१,५०० लागत नाहीत. सीमान्त सवलत असते, वरच्या दहा हजारांइतकाच कर आणि उपकर. मात्र हे नुसत्या पगाराचं झालं. त्यात शेअरचा नफा मिसळून एकूण बाराच्या वर गेलं की हिशेब अवघड होतो, तेव्हा पाटणकर काकांच्या मुलाकडून तपासून घे. आणि तोवर शेअर नसतीलच तर... असो.

ठेवायचेच असतील तर वर्ष उलटू दे. मग १२.५ टक्के, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही. शिवाय वर्षभर ठेवायचे म्हटलं की रोज बघायचं कारण उरत नाही.

फेब्रुवारीच्या पगारात व्यवसाय कराचे २०० ऐवजी ३०० कापलेले दिसतील. ते बरोबर आहे, ऑफिसशी भांडू नकोस.

तुझी,
आई

ता. क. जे विकले नाहीत ते किती रुपयांचे आहेत? नको, सांगू नकोस. नाही, सांगच. आणि उधारीवर तर घेतले नाहीस ना, एवढं आधी कळव.