मुंबईच्या जुन्या वर्तमानपत्रांतील मूकपटांच्या जाहिराती वाचवण्यासाठी वाचनालयाचे आवाहन

स. न. वि. वि.

आर्वी तालुक्यातील आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार लाकडी कपाटे आहेत आणि त्यांत मुंबईहून येणाऱ्या जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली ठेवलेल्या आहेत. या फायलींतील मूकपटांच्या जाहिरातींची छायाचित्रे काढून त्यांची सूची करावी आणि मूळ कागद आणखी काही दशके टिकेल अशी व्यवस्था करावी, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला आहे. त्यासाठी गावातील, पंचक्रोशीतील आणि नोकरी-धंद्यानिमित्त बाहेरगावी असलेल्या सर्व मंडळींनी आर्थिक मदत करावी आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी आपला वेळही द्यावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे.

मुंबईची वर्तमानपत्रे या आडबाजूच्या गावात आली ती कापसामुळे. वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातला कापूस मुंबईच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून पडलेल्या ‘उमरा’ या नावाने विकला जाई, आणि त्याचे भाव कळल्याशिवाय सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या इथल्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांचा दिवस सुरू होत नसे. त्यामुळे मुंबईचे इंग्रजी, गुजराती आणि मराठी अंक आगगाडीने पुलगावपर्यंत व तेथून पुढे येत राहिले. भाव पाहून झाले की अंक बांधून ठेवले जात. गावातल्या एका जुन्या जिनिंग कारखान्याच्या कुटुंबाने पुढे हा सगळा साठा वाचनालयाला दिला. बाजारभावासाठी जपलेल्या या अंकांमध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘बॉम्बे क्रॉनिकल’, ‘मुंबई समाचार’ आणि काही मराठी पत्रे आहेत. कापसाचे भाव आज कोणाच्या उपयोगाचे नाहीत, पण त्यांच्याच पाठपोट छापलेल्या नाटकगृहांच्या आणि सिनेमागृहांच्या जाहिराती मात्र दिवसेंदिवस मोलाच्या होत चालल्या आहेत.

हिंदुस्थानात चलच्चित्रे आली तीच मुळी जाहिरातीतून. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचे खेळ झाले, तेव्हा ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांचे वर्णन शतकातील आश्चर्य म्हणून छापले गेले. प्रवेश एक रुपया होता आणि खेळ चार होते. एक रुपया ही त्या काळी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची रक्कम होती, हे वेगळे सांगायला नको. पुढे हेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तेव्हा दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवण्यात आले आणि पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी राखीव जागा असल्याचेही जाहीर करण्यात आले. सिनेमा साहेबांच्या हॉटेलातून चार आण्यांच्या प्रेक्षकापर्यंत कसा उतरला, हे सांगणारा पुरावा म्हणजे दरांच्या या दोन-चार ओळीच आहेत.

दादासाहेब तोरणे यांच्या ‘श्री पुंडलिक’ या मूकपटाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १८ मे १९१२ रोजी तो गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या सिनेमागृहात लागला आणि २५ मे रोजी ‘टाइम्स’मध्ये त्याची जाहिरात आली. मुंबईतील जवळपास निम्म्या हिंदू लोकांनी हा चित्रपट पाहिला आहे, आता उरलेल्या निम्म्यांनी पाहावा, अशा आशयाचा मजकूर तीत होता. हा आकडा कोणी मोजला असेल असे वाटत नाही. परंतु ‘पुंडलिक’ला पहिला भारतीय चित्रपट म्हणावे की नाही, या अजून न मिटलेल्या वादात दोन्ही बाजूंना ज्या कागदाकडे पुन्हापुन्हा जावे लागते, तो कागद हाच आहे. वर्षभरानंतर, ३ मे १९१३ रोजी, त्याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच्या जाहिरातीत चित्रपटासोबत एका बाईंचे नृत्य, विनोदी नकला आणि पायांनी कसरत करणारा एक कलावंत यांचीही नावे आहेत. आज ज्याला आपण भारतीय चित्रपटाचा प्रारंभ मानतो, तो त्या दिवशी मुंबईकरांपुढे एका मिश्र कार्यक्रमाचा भाग म्हणून आला, हे केवळ इतिहासाच्या पुस्तकावरून सहसा लक्षात येत नाही.

हाच चित्रपट सुरतेला लागला तेव्हा प्रेक्षक फिरकेनात. तेव्हा फाळक्यांनी अवघ्या तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहायला मिळेल अशी जाहिरात केल्याचे सांगतात. हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती आणि एका फुटात सोळा चित्रे बसतात, म्हणजे छायाचित्रे साधारण ५९,००० भरतात. तो आकडा जवळपास खराच होता. दोन मैल मात्र दहा हजार फुटांच्या वर जातात, तेव्हा लांबी जवळजवळ तिप्पट करून सांगितली होती. जाहिरात ही जाहिरातच असते. तिच्यातला कोणता शब्द पुरावा म्हणून घ्यायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे पुष्कळ जाहिराती शेजारीशेजारी ठेवल्यावरच ठरवता येते, आणि म्हणूनच चारदोन निवडक कात्रणे न ठेवता सलग फायली वाचवण्याचा आमचा आग्रह आहे.

भारतात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले असे मानले जाते. त्यांपैकी आज उपलब्ध असलेले जेमतेम तीसच्या आसपास आहेत आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांच्या रूपात आहेत. ती फिल्म नायट्रेटची असल्याने चटकन पेट घेई किंवा डब्यातच विरघळून जाई, आणि उरलीसुरली रिळे चांदी काढण्यासाठी विकली गेली. बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ आपल्या भागाला विशेष जवळचा वाटावा, कारण सावकाराच्या कागदापायी जमीन गमावलेला शेतकरी हा त्याचा विषय होता आणि त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. तो चित्रपट आज पाहायला मिळत नाही. असा चित्रपट कोणत्या थिएटरात लागला, किती आठवडे चालला, तिकिटाचे दर काय होते आणि इंग्रजी वाचकाला तो कोणत्या नावाने विकला गेला, हे शोधायचे झाल्यास वर्तमानपत्राखेरीज फारशी जागा उरत नाही. मूकपटांना बहुधा देशी नावाबरोबर एक इंग्रजी नावही असे, त्यामुळे इंग्रजी, गुजराती आणि मराठी अंक एकत्र पाहिल्याशिवाय एकाच चित्रपटाचे दोन चित्रपट झाल्याचा भास होतो.

कागदाची अवस्था मात्र काळजी करण्यासारखी आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यात राहिलेल्या घटकांमुळे आम्ल तयार होते, कागद पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, लगेच मागोमाग पावसाळ्याची ओल येते, आणि वाळवीला हवामानाशी काही देणेघेणे नसते. काही फायलींवर पूर्वी सद्भावनेने चिकटपट्ट्या लावल्या गेल्या, त्यांच्या डागांनी मजकूर झाकला आहे. जाणकारांच्या देखरेखीखाली कागदातील आम्ल कमी करणे, फाटक्या कडांना गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) लावणे आणि फायली आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेट्यांत आडव्या ठेवणे, एवढेच काम करायचे आहे. लॅमिनेशन कोणत्याही परिस्थितीत केले जाणार नाही.

या सर्व कामाचा अंदाजित खर्च ३,४०,००० रुपये आहे. त्यातला मोठा वाटा, बांधणी न उलगडता वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर, पेट्या आणि कागददुरुस्ती यांवर जाईल. उरलेल्या रकमेतून मागच्या खोलीच्या छपराची गळती काढायची आहे, कारण गळक्या खोलीत महागड्या पेट्या ठेवण्यात अर्थ नाही. १९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपट सुरू केला, आणि आम्ही तूर्त त्या वर्षापर्यंतच्याच अंकांवर काम करणार आहोत. या काळातील जाहिरातींवर प्रताधिकाराची अडचण उरलेली नसल्यामुळे तयार झालेली छायाचित्रे आणि सूची कोणालाही विनामूल्य पाहता येतील.

वार्षिक सभेत एका सभासदांनी असा प्रश्न केला की, मुलांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके पुरत नाहीत, तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या जाहिराती कशाला. प्रश्न रास्त आहे. म्हणून या कामासाठी पुस्तक खरेदीच्या अनुदानातील एक रुपयाही वापरायचा नाही, हे ठरावातच नमूद केले आहे, आणि याच कारणाने स्वतंत्र देणगी मागण्याची वेळ आली आहे. खरेदी केलेला स्कॅनर विद्यार्थ्यांना त्यांच्या कागदपत्रांसाठीही वापरता येईल.

पैशांइतकीच गरज माणसांची आहे. गुजराती वाचता येणारे फारच थोडे लोक आमच्याकडे आहेत, तेव्हा कापूस व्यापाराच्या निमित्ताने इथे स्थायिक झालेल्या गुजराती आणि कच्छी कुटुंबांतील ज्येष्ठांनी आठवड्यातून एखादी दुपार दिली तर ‘मुंबई समाचार’चे काम मार्गी लागेल. सूचीत अंकाची तारीख, थिएटर, चित्रपटाचे छापलेले नाव, खेळांच्या वेळा, दर आणि स्त्रियांसाठीची सोय इतके लिहायचे असते, आणि दहावी-बारावीच्या मुलांनाही ते थोड्या सरावाने जमते. शिवाय आपल्या घरी, वाड्याच्या माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत तळाशी अंथरलेले त्या काळातील अंक, तसेच यात्रेतल्या तंबू सिनेमाची हस्तपत्रके सापडली, तर ती कृपया झटकू, पुसू किंवा घड्या घालून पाठवू नयेत. आम्हाला निरोप द्यावा, आम्ही येऊन पाहू. मूळ कागद देण्याची इच्छा नसल्यास छायाचित्र घेऊन तो जागच्या जागी परत ठेवला जाईल.

देणगी कितीही रकमेची असली तरी स्वीकारली जाईल. ती वाचनालयाच्या नावाने धनादेशाद्वारे द्यावी, किंवा सायंकाळी पाच ते आठ या वेळेत कार्यालयात रोख भरून छापील पावती घ्यावी. वाचनालयाला देणगीवरील आयकर सवलतीसाठी लागणारी मान्यता अद्याप मिळालेली नाही, हे देणगीदारांनी कृपया लक्षात घ्यावे. जमाखर्चाचा तपशील दर महिन्याला सूचनाफलकावर लावला जाईल. पेट्या आणि छपराचे काम मृगाच्या आधी पूर्ण व्हायला हवे, त्यामुळे शक्य असेल त्यांनी आपली देणगी अक्षय्य तृतीयेपर्यंत पोहोचती करावी.

कळावे,
कार्यकारी मंडळ व सभासद, सार्वजनिक वाचनालय