शनिवारी नाही पोहोचलीस तरी चालेल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ‘शनिवारी दुपारी नक्की घरी पोहोचते’ हे वाक्य वाचून तुझ्या आईला आनंद झाला आणि मला धास्ती वाटली. त्या धास्तीपायीच हे लिहीत आहे, आणि वाटेत तू आत्याकडे थांबणार आहेस म्हणून तिच्याच पत्त्यावर पाठवत आहे.

गेल्या सायकल-सफरीत तू अशीच वेळ देऊन बसली होतीस. रोज 80 किलोमीटर चालवणाऱ्या तुला त्या दिवशी सामानासह 130 कापायचे आहेत, याची आम्हांला कल्पना नव्हती. मी मात्र दर तासाला फोन करून ‘कुठवर आलीस’ असे विचारत राहिलो. अंधार पडल्यावर तू आलीस, सायकल भिंतीला टेकवलीस, आणि कुलूप लावताना तुझ्या हातातून किल्ली तीनदा निसटली. करंगळी आणि अनामिका बधिर झाल्या होत्या. तासन्‌तास हँडलवर भार पडला की तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने जाणारी नस दबते आणि नेमकी हीच दोन बोटे जड होतात, हे मला नंतर डॉक्टरांनी समजावले. हात मोकळे करायला तू वाटेत थांबली नव्हतीस, कारण इकडे सगळे जमून तुझी वाट पाहत होते. त्यातला माझा वाटा मी विसरलेलो नाही.

या वेळी मी वाऱ्याचाही हिशेब मांडून पाहिला. तू ताशी 20 किलोमीटरने चालली असताना समोरून ताशी 10 किलोमीटरचा वारा सुटला, तर तेवढाच वेग राखताना हवेचा रोध सव्वादोन पट होतो, आणि दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या त्यात भरच घालतात. अशा प्रवाशाला गाडीच्या वेळापत्रकासारखी वेळ विचारणे हा आम्हा घरी बसणाऱ्यांचा अडाणीपणा आहे. म्हणून तू वेळ सांगूच नकोस. ‘शनिवार किंवा रविवार’ एवढे पुरे. आदल्या रात्रीचा मुक्काम जवळ कर, म्हणजे शेवटच्या दिवशी 40 किलोमीटरच उरतील. सोमवारपर्यंत कोणी भेटायला येऊ नये, असे मी सर्वांना कळवले आहे. मामा मात्र ‘गाडी पाठवून तिला सायकलसकट उचलून आणू’ म्हणतो. त्याला सायकलची सफर म्हणजे काय हे समजावण्याचा नाद मी सोडला आहे.

तू मागवलेला टायर आणि नवी चेन इथे येऊन पोहोचली आहे. आत्याकडे असताना जुनी चेन मोजून ठेव. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. तेवढ्याच कड्या इंचाच्या सोळाव्या भागाने जास्त भरल्या, तर चेन बदलायला हवी, नाहीतर झिजलेली चेन मागच्या दातेरी चकत्याही खाऊन टाकते आणि मग खर्च वाढतो.

आता घरून पुढे निघण्याविषयी. गेल्या वेळी तीन दिवसांचे आठ झाले. ‘अजून एक दिवस’ म्हणून आग्रह आईने केला आणि नको म्हणायचा संकोच तुला वाटला. पुढे थंडीने तुला खिंडीत गाठले, तेव्हा ते पाच दिवस किती महाग पडले हे आम्हांला कळले. या वेळी आल्याआल्याच निघायची तारीख सांग. मी ती कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहीन आणि आईशी वाद घालायचे काम माझ्याकडे घेईन. पहिल्या दिवशी मात्र 50 किलोमीटरपेक्षा पुढे जाऊ नकोस, कारण विश्रांतीनंतर पाय आधी जडच चालतात, असे तूच सांगितले होतेस.

सायकलसाठी आतल्या खोलीतली भिंत मोकळी केली आहे. चाके चिखलाने भरलेली असली तरी दारात थांबून पुसत बसू नकोस, सरळ आत घे. मी फोन करणार नाही. रोज मुक्कामाला पोहोचलीस की तूच एक ओळ पाठव.

तुझे,
बाबा