सूचना : रविवारची खाडीफेरी आणि पाठमोरे रोहित (फ्लेमिंगो)

सभासदांनो, रविवारी ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत रोहितांचे फोटो काढायला जायचे आहे. वेळ भरतीवर ठरेल. ओहोटीला बोट गाळात रुतते, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही.

रोहितांकडून अपेक्षा बेताचीच ठेवा. लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो ही जात) चोच उलटी धरून पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळत असतो; डोके खाली, पाठ आपल्याकडे. शिट्ट्या, टाळ्या, 'ए, इकडे बघ' यांचा उपयोग शून्य. फार तर थवा चार पावले सरकतो, तेही आपली दखल न घेता. सगळ्यांच्या माना एकदम वर होऊन थवा चालू लागला, तर आपण फार जवळ गेलो आहोत. इंजिन बंद करायला सांगा. उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवणाऱ्याला पुढच्या फेरीत जागा नाही.

लेन्स किमान ४०० मिमी, शटर १/१६०० सेकंद किंवा वेगवान. पिसांचा पांढरा भाग फोटोत जळतो, म्हणजे नुसता पांढराफटक दिसतो, म्हणून एक्स्पोजर थोडे कमी. ट्रायपॉड घरीच ठेवा, इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात जाते. रोहित वाऱ्याकडे तोंड करून, धावत उडतो; म्हणजे वारा आपल्या पाठीमागून असेल तरच साहेबांचा चेहरा मिळण्याची शक्यता.