सळईला भाव, विटांना खाडी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नौपाड्यातली आमची चार मजली इमारत यंदा पुनर्विकासासाठी पाडली. आम्ही समोरच्याच गल्लीत भाड्याने राहतो, त्यामुळे सगळे तोडकाम डोळ्यांदेखत झाले. सागवानी चौकटी, खिडक्यांचे ग्रिल, पितळी नळ पहिल्या आठवड्यातच विकले गेले. मग स्लॅब फुटू लागले. त्यातून निघालेल्या वाकड्या सळया दोन मजूर दिवसभर अंगणात बसून हातोडीने सरळ करत होते. हातभर लांबीचा तुकडासुद्धा त्यांनी टाकला नाही. उरला तो विटा, प्लास्टर आणि काँक्रीटचा ढीग. तो रात्री अकरानंतर डंपरमधून जायचा. एका चालकाला विचारले, कुठे नेता? "जागा मिळेल तिथे खाली करतो, काका," एवढेच तो म्हणाला.

ती जागा बहुतेक वेळा खाडीकाठ असते, हे ठाणेकरांना सांगायला नको. खारफुटीत राडारोडा टाकण्यास उच्च न्यायालयाने २००५ मध्येच मनाई केली. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. डंपर मात्र थांबलेले नाहीत.

'चक्रीय अर्थव्यवस्था', म्हणजे वापरलेली वस्तू न फेकता पुन्हा वापरात आणणे, हा शब्द हल्ली परिसंवादांतून फार ऐकू येतो. आमच्या अंगणात ती चालूच होती, पण भाव होता तिथवरच. सळईला गिऱ्हाईक आहे म्हणून ती पुन्हा भट्टीपर्यंत पोहोचते. विटेच्या तुकड्याला कोणी विचारत नाही, म्हणून त्याची वाट खाडीशी संपते. नव्या इमारतीसाठी खडी मात्र पुन्हा डोंगर फोडूनच येणार. पारसिकच्या डोंगराला खाणींनी पाडलेले घाव लोकलमधूनही दिसतात. एकीकडे डोंगर पोखरायचा आणि दुसरीकडे खाडी बुजवायची, हे पाहवत नाही.

राडारोड्याला गिऱ्हाईक मिळवून देणे पालिकेच्या हातात आहे. शहरातले रस्ते, पदपथ, गटारे, संरक्षक भिंती तीच बांधते. बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पालिका व सरकारी कंत्राटांत पुनर्प्रक्रिया केलेले साहित्य १० ते २० टक्के सक्तीचे करावे, असे लिहिले होते. घोडबंदर रोडच्या कडेचे पेव्हर ब्लॉक दर दोन-चार वर्षांनी उखडून नवे बसवतात. त्या निविदांत ही अट घातली, तर राडारोडा फोडून त्याची खडी आणि ब्लॉक करणाऱ्या प्रक्रिया केंद्राच्या मालाला कायमची मागणी राहील. नुसते यंत्र बसवून भागत नाही. त्यातून निघालेली खडी आणि ब्लॉक उचलणारा कोणी नसेल, तर तिथेही ढीगच साचेल.

असा माल कमकुवत असतो, ही भीती मी आमच्याच सोसायटीच्या सभेत ऐकली. तिला उत्तर आहे. काँक्रीटमधल्या खडी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाने २०१६ मध्ये जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ या मजबुतीच्या दर्जापर्यंतच्या आरसीसीत (सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये) २० टक्क्यांपर्यंत वापरायला मान्यता दिली. दिल्लीत बुराडीचे प्रक्रिया केंद्र २००९ पासूनचे आहे. पदपथाच्या ब्लॉकवर तर इमारतीचा भारही नसतो.

एक अडचण नौपाड्यासारख्या भागांची आहे. याच कचऱ्याच्या एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांतली पुनर्वापराची मोठी जबाबदारी २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. किसननगरच्या क्लस्टरसारखे (अनेक इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाचे) प्रकल्प त्यात येतील, पण आमच्या गल्लीतल्या एकेकट्या इमारती त्या मापाच्या खूप खाली आहेत. आणि इथे एकामागून एक पडतात त्या याच इमारती. तेव्हा लहान भूखंडांसाठी पालिकेने स्वतःचा नियम करावा. तोडकामाआधी विकासकाकडून अनामत घ्यावी, आणि किती टन राडारोडा प्रक्रिया केंद्रावर पोहोचला त्याच्या वजनकाट्याच्या पावत्या दाखवल्यावरच ती परत द्यावी. भोगवटा प्रमाणपत्रासाठीही याच पावत्या मागाव्यात. पावतीवर पैसे अडकले की रात्रीचे डंपर आपोआप दिवसा जाऊ लागतील, असे मला मनापासून वाटते.

आमच्या शेजारची इमारत दिवाळीनंतर पाडायची आहे. तिच्या तोडकामाची परवानगी देताना तरी तिच्या विटा कुठे जाणार, हे पालिकेने कागदावर लिहून घ्यावे.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे