बेचाळीस पावलं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "सिनेमा चांगला आहे, पण पोरानं तसं करायला नको होतं." आणि फोन आईकडे दिला. त्यानंतर मला झोप लागली नाही, म्हणून आता लिहायला बसले. फोनवर आपलं कुणाचंच बोलणं पुरं होत नाही, मधेच कुणाला तरी रडू येतं.

'द हंड्रेड-फूट जर्नी' तुम्हाला लावून द्यायला मीच दादाला सांगितलं होतं. मी फ्रान्समधल्या लियॉनला हॉटेलात स्वयंपाकाच्या नोकरीवर जातेय, हे कळल्यापासून बाबा माझ्याशी ज्वारीच्या भावाशिवाय काही बोलत नाहीत. ओम पुरी आहे म्हटल्यावर तरी बघतील, असं वाटलं. 'अर्धसत्य'मधला वेलणकर तुम्हाला किती जवळचा, ते मला ठाऊक आहे. शेवटी त्याच्यावरच तुम्ही चिडलात. मुंबईतलं सगळं जळून गेलेला तो बाप फ्रान्समधल्या खेड्यात पोरांना घेऊन उभा राहतो आणि कर्तबगार मुलगा शंभर फुटांवरच्या, समोरच्याच हॉटेलवाल्या मॅडमच्या हाती देतो, हे तुम्हाला सहन झालं नाही.

बाबा, तो प्रसंग मी पाचसहा वेळा पाहिलाय. मला त्या पोराच्या जाण्यापेक्षा बापाचं थांबणं मोठं वाटतं. त्यानं अडवलं असतं तर पोरगा राहिला असता. तुम्ही अडवलंत तर मीही राहीन, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही गप्प आहात. हे मला कळत नाही असं समजू नका.

आईला पोराची आई झालेली जुही चावला सुरुवातीलाच गेल्याचं वाईट वाटलं आणि मॅडम झालेली हेलन मिरेन पावसात भिंत घासते ते सगळ्यात आवडलं. मलाही तेच आवडलं, आई. आपल्या माणसानं लिहिलेली घाण ती बाई स्वतःच्या हातानं पुसते. आत्या म्हणाली, गोड आहे पण सगळं फार पटापट होतं. आमच्या किचनमधल्या पोरांचंही हेच म्हणणं, आणि ते खरं आहे. फ्रेंच स्वयंपाकातले पाच मूळ सॉस पुस्तकात वाचून कुणी वर्षभरात मिशेलिनचा तारा, म्हणजे चांगल्या जेवणाचा तो मान, मिळवत नाही. पुण्यात माझं पहिलं वर्ष कांदे सोलण्यात आणि हाडांच्या रश्शावरचा फेस काढण्यात गेलं. आणि तारा माणसाला नसतो, हॉटेलला असतो. बाबांनी विचारलं होतं, मिशेलिन म्हणजे टायरची कंपनी, तिला जेवणातलं काय कळतं? त्यांनी १९०० साली गाडीवाल्यांसाठी पुस्तिका काढली, लोकांनी लांबलांब जावं, टायर झिजावेत म्हणून. तारे आले १९२६ पासून. चांगल्या जेवणासाठी माणूस वाट वाकडी करतो, एवढंच त्यांनी ओळखलं. आपल्या अख्ख्या मसुरासाठी लोक हायवे सोडून आत येतातच की.

पण ते ऑम्लेट मात्र खोटं नाही. पोराचे हात भाजलेत, म्हणून तो सांगतो आणि मॅडम अंडी फोडते. आईकडून आलेले मसाले पडतात, आणि एका घासात तिला सगळं कळतं. मी खानावळीत तुमच्या चुलीपाशी ज्वारीच्या पोत्यावर झोपायचे तेव्हा डोळे मिटूनही मला कळायचं, आत्ता आईनं चटणी तेलात सोडली, आत्ता झाकण ठेवलं. पीठ नवीन आहे की जुनं, हे आई परातीवरच्या थापेच्या आवाजावरून सांगते. तेच घेऊन मी जातेय. तिथे जाऊन तुमचं विसरायला नाही जात.

आता एक गोष्ट आधीच सांगते, नंतर दुसऱ्याकडून कळायला नको. सिनेमात तो मुलगा ज्या पदार्थानं नाव काढतो, त्यात बीफ आहे. तिथे मलाही शिजवावं लागेल आणि शिजवलं की चाखावं लागेल. आई, तुला त्रास होईल, मला माहीत आहे. माझ्या खोलीत वेगळा तवा, वेगळी पातेली असतील. खोलीला खिडकी आहे, हीटर आहे, खाली बेकरी आहे. तांदूळ, डाळ, हिंग सगळं मिळतं. ज्वारीचं पीठ पाच किलो बांधू नकोस, दोन पुरे. कांदा-लसूण चटणी अर्धा किलो, तीही दोन पिशव्यांत, वरून कापड. उन्हाळ्यात वेळेचा फरक साडेतीन तासांचा, थंडीत साडेचार. माझी सुट्टी रविवारी, तुमच्या दुपारच्या चहाला मी फोनवर असेन. आणि करार दोनच वर्षांचा आहे. पॅरिसमध्ये रात्री सहकाऱ्याच्या डब्यातला घास खाताना त्या मुलाचे डोळे भरतात ना, तसं माझं पहिल्याच आठवड्यात होणार. झालं तरी तुम्ही घाबरून तिकीट काढायला धावू नका.

आता ऐका. बाबांनी सिलिंडर उचलायचा नाही, रिकामा सुद्धा. बीपीची गोळी चहाआधी, चहानंतर नाही. आईनं भाकऱ्या बसून थापायच्या, उंच स्टूल सोमवारी येतंय, "मला सवय नाही" म्हणून ते माळ्यावर टाकायचं नाही. संध्याकाळच्या भाकऱ्यांना मदतीला बाई लावली आहे, पहिल्या तीन महिन्यांचे पैसे मी दिलेत, परत करायला जाऊ नका. मंगळवारी खानावळ बंद. बंद म्हणजे बंद.

आणि बाबा, आता जे लिहिते ते वाचून लगेच उठू नका. घराची दुसरी किल्ली मी समोरच्या काकांना दिली आहे.

मागच्या महिन्यात तुम्हाला रात्री घाम सुटला, तेव्हा दादाला साताऱ्याहून यायला सव्वा तास लागला. समोर दिवा चालू होता आणि आईनं हाक मारली नाही. का मारली नाही, ते मला माहीत आहे. त्या गणपतीतलं त्यांच्याशी झालेलं भांडण मी काही विसरलेले नाही. सिनेमात मॅडम बाजारातलं सामान आधीच उचलते, तेव्हा आई मला म्हणाली, "हे तर वांग्यांचं झालं." पहाटे चारला जाऊन तुम्ही कृष्णाकाठची सगळी वांगी उचलली होतीत आणि आपण आठवडाभर भरली वांगी खात होतो. मी तुमच्याच बाजूची होते, अजूनही आहे.

पण मी गेले त्यांच्याकडे. पावलं मोजली, आपल्या उंबऱ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत बेचाळीस. काकू भाकऱ्या करत होत्या. काकांनी किल्ली घेतली, देवाजवळच्या खिळ्याला अडकवली आणि विचारलं, "त्याची साखर किती असते आता?" एवढंच. लियॉनचं मी सांगितलं नाही, ते त्यांना आधीच माहीत होतं. कुणी सांगितलं ते विचारलं तर म्हणाले, तुझे बाबाच सांगत होते पानपट्टीवर, सगळ्यांना.

मी अठ्ठावीसला सकाळच्या गाडीनं येतेय. स्टँडवर मला घ्यायला बाबाच या, दादा नको. आईनं फक्त पिठलं करावं.

तुमची,
चिमी