कोरियन विशेषणे मराठीतून शिकवावीत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयात जाणाऱ्या नातीच्या आग्रहाखातर गेल्या पावसाळ्यापासून मी दादरमधील एका खासगी वर्गात कोरियन भाषा शिकत आहे. वर्गातील आम्ही बहुतेक जण मराठी माध्यमात शिकलेले आहोत. पुस्तक मात्र इंग्रजीतून कोरियन शिकविणारे आहे. या आडवळणामुळे सोपी गोष्ट किती अवघड होऊन बसते, हे लहानमोठेपणा आणि आकार सांगणाऱ्या विशेषणांच्या धड्यात प्रकर्षाने जाणवले, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या धड्यात ‘याल्ता’ आणि ‘कानुल्दा’ या दोन्ही विशेषणांपुढे ‘थिन’ हा एकच इंग्रजी शब्द छापला आहे. मी शिवणाच्या दोऱ्याला ‘याल्ता’ म्हटले आणि वहीवर लाल रेघ ओढली गेली. कागद, चादर, काकडीची चकती अशा पसरट वस्तूंना ‘याल्ता’ लागते. दोरा, तार, बोटे, कंबर यांना ‘कानुल्दा’. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आले, की हा भेद मला लहानपणापासून ठाऊक आहे. कागद पातळ असतो आणि दोरा बारीक. ‘पातळ दोरा’ कोणी म्हणाले तर शेजारचा शिंपीसुद्धा हसेल. आमटी पातळ झाली तर मात्र कोरियनमध्ये तिसराच शब्द येतो, आणि त्याचा उच्चार चक्क ‘मुक्ता’ असा होतो!

मराठी प्रत्येक ठिकाणी हात देते, असा माझा दावा नाही. पुस्तक जाड आणि दोरखंडही जाड, असे आपण सहज म्हणतो. कोरियन माणूस पुस्तकाला ‘तुक्कॉप्ता’ आणि दोरखंडाला ‘कुक्ता’ म्हणतो. लालबागचे मनोरे उंच आणि आमचा धाकटा भाचाही उंच, हेही तिथे चालत नाही. इमारत ‘नोप्ता’ असते. माणसाबद्दल बोलताना मात्र ‘खी-गा खुदा’, म्हणजे ‘उंची मोठी आहे’, असे म्हणावे लागते. परंतु भाषा कुठे जुळते आणि कुठे जुळत नाही हे मराठीशी थेट ताडून पाहता आले, तर विद्यार्थ्याला नेमके तेवढेच पाठ करावे लागेल.

उच्चारांचेही तसेच आहे. ‘मोठा असणे’ या अर्थाच्या शब्दातील पहिले व्यंजन स्वच्छ ‘ख’ आहे, पण रोमन लिपीत त्यासाठी नुसता ‘के’ लिहिल्यामुळे अर्धा वर्ग ‘कुदा’ म्हणत राहिला. देवनागरीत ‘खुदा’ लिहून, उकार म्हणताना ओठांचा चंबू करू नये एवढी सूचना दिली, की काम भागते. ‘लहान असणे’ म्हणजे ‘चाक्ता’. यातील ‘च’ आपल्या ‘चार’मधला आहे, ‘चाक’मधला नव्हे, हे केवळ मराठीच विद्यार्थ्याला एका वाक्यात सांगता येते. त्याच्या अगदी जवळचा ‘चॉक्ता’ हा संख्येने किंवा प्रमाणाने कमी असण्याचा शब्द आहे, त्यामुळे इथला आ आणि ऑ सांभाळणे अगत्याचे ठरते.

व्याकरणात आपल्याला दिलासा आणि ताप दोन्ही आहेत. मोठा-मोठी-मोठे ही लिंगाची कटकट तिथे नाही. मात्र ही विशेषणे क्रियापदांसारखी चालतात. ‘चिबि खुदा’ म्हणजे ‘घर मोठे आहे’. त्यातला ‘आहे’ विशेषणाच्याच पोटात असतो आणि तो वेगळा जोडला की वाक्य बिघडते. ‘मोठे होते’ म्हणायचे तर विशेषणच बदलून ‘खॉत्ता’ होते, आणि नामाच्या आधी आले की ते ‘खुन’ होते.

या ‘खुन’ने मला सर्वांत जास्त आनंद दिला. वडिलांच्या थोरल्या भावाला कोरियन लोक ‘मोठे वडील’ म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला ‘मोठी आई’. विदर्भातल्या अनेक घरांत आजही ‘मोठे बाबा’ आणि ‘मोठी आई’ अशीच हाक मारतात. ‘मोठे घर’ म्हणजे तिथे थोरल्या पातीचे घरही होते. इंग्रजी ‘अंकल’मधून जाताना यातले सगळेच गळून पडते.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवावयाच्या परकीय भाषांमध्ये कोरियनचा नावानिशी उल्लेख आहे. रांजणगावला एलजी या कोरियन कंपनीचा आणि माणगाव तालुक्यात विळे-भागाड येथे पोस्को या कोरियन पोलाद कंपनीचा कारखाना आहे. पत्रा पातळ आणि तार बारीक हे जाणणाऱ्या मराठी कामगाराने त्यासाठी आधी इंग्रजी ‘थिन’पाशी का थांबावे? मराठी प्रकाशकांनी निदान अशा विशेषणांचा, प्रत्येक शब्दापुढे नेमकी वस्तू दाखविणारा मराठी-कोरियन शब्दसंग्रह काढावा आणि आपल्या शैक्षणिक पुरवणीने त्यासाठी आठवड्यातून एक लहानसा रकाना द्यावा, अशी विनंती आहे.

आमच्या वर्गापुरती पन्नासेक शब्दांची वही मी तयार केली असून आमच्या शिक्षिकेने ती तपासून दिली आहे; आपण सांगाल तेव्हा पाठवीन. ‘कुक्ता’पुढची मराठी जागा तेवढी अजून कोरी आहे. दोरखंडाला लागेल पण पुस्तकाला लागणार नाही, असा जाडपणाचा शब्द एखाद्या वाचकाच्या बोलीत असल्यास त्यांनी अवश्य कळवावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, दादर, मुंबई