सतराशेची पेन्शन अन् महिन्याची औषधं

संपादक साहेब, नमस्कार.

ईपीएस-९५ वाल्या (पीएफबरोबरची १९९५ ची कामगारांची पेन्शन योजना) पेन्शनरांच्या आंदोलनाची बातमी आली की आमच्या घरी ती सगळ्यात आधी वाचली जाते. साडेसात हजार किमान पेन्शन अन् वर महागाई भत्ता, मागणी बरोबरच आहे, पण त्याच मागणीत औषधपाण्याचं जे आहे ते नेहमी शेवटच्या ओळीत उरकलेलं असतं आणि आमच्यासारख्यांचा सगळा जीव तिथेच अडकलाय, म्हणून हे पत्र.

ह्यांचं वय ७१. इंदूरच्या सांवेर रोडच्या एका फॅक्टरीत फिटर होते, २०१२ ला रिटायर झाले. तेव्हा सतराशेच्या थोडी वर पेन्शन बसली, ती आजही तेवढीच आहे, कारण ह्या पेन्शनला डीए लागतच नाही. २०१४ ला किमान पेन्शन हजार केली त्याचा गाजावाजा झाला, पण आमची आधीच हजाराच्या वर, आम्हाला त्यातून काही नाही. पीएफचे सहा लाख पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकलेत, ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांनी १२,३०० येतात. दिवाळीत मी चकली-अनारशांच्या ऑर्डरी घेते. घर स्वतःचं आहे. सगळं धरून महिन्याचे सहा हजार म्हणा.

ह्यांच्या दोन्ही किडन्या शुगर-बीपीने गेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. ते आयुष्मान कार्डावर होतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांचं कार्ड सुरू झालं, ते आम्ही लगेच काढलं आणि चांगल्याला चांगलं म्हणायलाच पाहिजे, ते नसतं तर एव्हाना घर विकायला काढलं असतं. पण कार्ड चालतं ते पेशंट ॲडमिट असेपर्यंत, नाहीतर मशीनला लावलेला असेपर्यंत. डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांची औषधं त्यात धरलीत, सोळाव्या दिवसापासून तुमचं तुम्ही बघा. किडनीचा आजार काय पंधरा दिवसांत बरा होतो का? मला स्वतःला ६४ चालू आहे म्हणजे मला कार्ड नाही, मी सत्तरपर्यंत आजारी पडायचं नाही एवढंच.

बीपीच्या गोळ्या, इन्सुलिन, जेवणाबरोबर घ्यायची फॉस्फरसची गोळी, दर महिन्याच्या रक्ताच्या तपासण्या अन् हिमोग्लोबिनचं इंजेक्शन. हे इंजेक्शन थंड राहावं लागतं, म्हणून मेडिकलवरून घेतलं की जुन्या थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीवर ठेवून मी ते रिक्षात मांडीवर धरून नेते, उन्हाळ्यात तर झाकण उघडून बघायचीही भीती वाटते, कारण एक खराब झालं तर त्या महिन्यात दुसरं येणार नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या जन औषधीत खरंच स्वस्त मिळतात, पण किडनीची औषधं आमच्या जवळच्या दुकानात कधी असतात कधी नसतात, मग बाहेरून आणा. बिल चार हजारांच्या खाली काही येत नाही. महिना संपत आला की हे फॉस्फरसची गोळी तीनच्या ऐवजी दोनदाच घेतात, डॉक्टरांना सांगत नाहीत, पण रिपोर्टमध्ये दिसायचं ते दिसतंच. आणि भेटायला येणारी माणसं प्रेमाने शहाळं घेऊन येतात! पोटॅशियममुळे ह्यांना नारळपाणी म्हणजे विष, बटाटासुद्धा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं असतं. शहाळं मीच पिते.

आता मुद्द्याचं. नोकरीच्या पहिल्या बऱ्याच वर्षांत ह्यांचं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, पगारातून कापलं जायचं, आमची मुलगी नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलातच झाली. मग पगार ६५०० च्या वर गेला, ईएसआयची लिमिट तेव्हा तेवढीच होती, नाव कमी झालं. का, तर तुम्ही आता जास्त कमावता. बरं. पण पुढे पेन्शन काढायची वेळ आली तेव्हा पगार त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असूनही हिशेब धरला ६५०० वरच, कारण पेन्शनची लिमिट २०१४ पर्यंत तीच. उपचाराच्या वेळी पगार जास्त अन् पेन्शनच्या वेळी त्याच पगारातले ६५०० च खरे, हा कुठला न्याय?

ईएसआयमधूनच रिटायर झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांनाही उपचार मिळतात, ओपीडीसकट. महिन्याचे नाही, वर्षाचे १२०. फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसआयसीने, म्हणजे ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाने, असंही ठरवलं की पगार वाढल्यामुळे जे बाहेर पडले त्यांनाही रिटायर झाल्यावर ही सोय द्यायची. पेन्शनरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं तेव्हा आमच्याकडे दोन दिवस नुसता आनंद. मग अटी वाचल्या. १ एप्रिल २०१२ नंतर किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये असलेला पाहिजे, १ एप्रिल २०१७ ला किंवा नंतर रिटायर झालेला पाहिजे, पगार तीस हजारांपर्यंत पाहिजे. म्हणजे ज्यांची वयं जास्त, पेन्शन ६५०० च्या हिशेबातली, दुखणी जुनी, नेमके तेच बाहेर.

पेन्शन वाढेल तेव्हा वाढेल. कोश्यारी समितीने (तेच कोश्यारी, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले) २०१३ मध्येच किमान तीन हजार सुचवले होते, त्याचं काय झालं ते दिसतंच आहे. पण ही तारखेची अट काढायला पैसे तरी किती लागणार? १२० रुपये कमी पडत असतील तर महिन्याला दोनशे आमच्या पेन्शनमधून कापा, आम्ही आनंदाने देऊ, पण महिन्याची औषधं ईएसआयच्या खिडकीवर मिळू द्या. पेन्शन ऑर्डर आहे, ईएसआयचं जुनं पिवळं पडलेलं कार्डही मी जपून ठेवलंय.

तुमच्या दिल्लीच्या बातमीदाराने एवढंच करावं, २०१७ च्या आधीच्या लोकांना का वगळलं हे ईएसआयसीला लेखी विचारावं, आणि उत्तर जे येईल ते पेपरात छापावं.

एक वाचक,
सुदामा नगर, इंदूर